दिवाळी ते मृग: पेण-रोह्यातील घरदुरुस्ती आणि ठेकेदार

पेण आणि रोहा तालुक्यांत घरदुरुस्तीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृग नक्षत्र लागायच्या आत आटपावा लागतो. रायगडच्या या पट्ट्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. छप्पर उतरवणे, स्लॅब घालणे, बाहेरचा गिलावा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग ही कामे पावसात होत नाहीत. म्हणून प्रत्येक घराला गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाला आणि प्लंबर त्याच सहा-सात महिन्यांत हवा असतो. पावसाळ्यात आणखी एक मुदत येते, ती गणपतीची. रंगकाम, लादी, स्वयंपाकघराचा ओटा निदान गौरी-गणपतीपूर्वी व्हावा, अशी घरोघरची अपेक्षा असते. ठेकेदाराशी होणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ या दोन मुदतींत आहे. कामे फार, दिवस थोडे आणि माणसे त्याहून थोडी.

माणसे कमी पडण्याची कारणे याच भूगोलात आहेत. पेण तालुक्यातला डोलवीचा पोलाद प्रकल्प, रोहा तालुक्यातले नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल, रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत आणि थोड्या अंतरावरचे पनवेल-नवी मुंबई, या सगळ्यांना वेल्डर, वायरमन, फिटर आणि गवंडी लागतात. तिथे रोजगार अधिक काळ टिकतो आणि मजुरी वेळेवर मिळते. घरगुती कामाच्या वाट्याला उरतात ते स्थानिक मिस्त्री आणि उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक येथून आलेल्या टोळ्या. होळीला यातली बरीच माणसे गावी जातात आणि होळी नेमकी हंगामाच्या मध्यावर येते. फेब्रुवारीअखेर उघडे केलेले घर एप्रिलपर्यंत तसेच पडून राहते, ते यामुळे.

घरगुती काम घेणारा ठेकेदार बहुधा स्वतःच एके काळचा गवंडी किंवा सुतार असतो. हाताखाली चार माणसे जमली, दोन-चार घरांचा विश्वास बसला की तो ठेके घेऊ लागतो. कारागीर म्हणून तो उत्तम असू शकतो. पण हिशेब ठेवणे, मालाची आगाऊ मागणी देणे आणि तीन ठिकाणच्या टोळ्या सांभाळणे हे वेगळे कौशल्य आहे. विजेच्या कामासाठी परवाना लागतो, मात्र घराच्या गिलाव्या-लादीचे काम घेणाऱ्याला कोणताही परवाना दाखवावा लागत नाही. त्याची पारख करण्याचे एकच खात्रीचे साधन आहे: त्याने किमान दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले घर प्रत्यक्ष जाऊन पाहणे. नुकत्याच रंगवलेल्या घरावरून काहीच कळत नाही.

काम देण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली मजुरीवर: माल घरमालक आणतो, ठेकेदार चौरस फुटाने किंवा ब्रासने मजुरी घेतो. दुसरी मालासकट, म्हणजे काम एकरकमी अंगावर देणे. मजुरीवर दिलेल्या कामात मालाची नासाडी होते, कारण उरलेल्या सिमेंटची चिंता कारागिराला नसते. शिवाय वाळू संपली की काम थांबते आणि थांबलेल्या दिवसाचा दोष मालकावर येतो. अंगावर दिलेल्या कामात नासाडी ठेकेदाराच्या खिशातून जाते, त्यामुळे तो माल जपून वापरतो. पण हीच काटकसर सिमेंटच्या प्रमाणात, लोखंडाच्या जाडीत आणि वॉटरप्रूफिंगच्या थरांतही उतरू शकते. ज्या घरात देखरेखीला कोणी नाही, तिथे दुसरी पद्धत सोयीची वाटते आणि तिथेच ती सर्वांत जोखमीची असते.

मोजमापावरून होणारे वाद सर्वांत जास्त आणि टाळायला सर्वांत सोपे आहेत. ब्रास हे माप दोन अर्थांनी चालते. वाळू-खडीसाठी एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर गिलावा, लादी, रंग यांसाठी १०० चौरस फूट. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट, म्हणजे ४.४ ब्रास भरते. मोठ्या दरवाजा-खिडक्यांची वजावट करायची की नाही, खिडकीच्या कडा वेगळ्या धरायच्या की त्यातच, छत धरायचे का, हे आधी ठरले नसेल तर याच खोलीची बिले दोन तऱ्हेने निघतात आणि दोन्ही बाजूंना आपलेच माप खरे वाटते.

स्लॅबच्या बाबतीत थोडे गणित घरमालकाच्या फार कामी येते. ५०० चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला सुमारे २०८ घनफूट, म्हणजे जवळपास ५.९ घनमीटर काँक्रीट लागते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या नेहमीच्या प्रमाणाला घनमीटरमागे ५० किलोची साधारण आठ पोती सिमेंट जाते. म्हणजे नुसत्या स्लॅबला ४७ पोती, बीमचे वेगळे. स्लॅबच्या दिवशी रिकामी पोती एका कोपऱ्यात रचून ठेवायला सांगणे आणि संध्याकाळी मोजणे, एवढ्याने प्रमाणाचा बराचसा अंदाज येतो. लोखंडाचेही तसेच. सळईच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे किलोतले वजन मिळते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांबीची सळई साडेदहा किलोहून थोडी जास्त भरली पाहिजे. सळई नगावर घेतली आणि वजन फारच कमी भरले, तर ती पातळ आहे.

पेणचा खारेपाट, म्हणजे खाडीलगतचा खारट जमिनीचा पट्टा, आणि रोह्याकडचा कुंडलिका खाडीचा काठ इथे मालाचा प्रश्न अधिक नाजूक होतो. खाडीच्या रेतीत क्षार असतात. ती नीट न धुता वापरली तर भिंतीवर पांढरा लोणा फुटतो, रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि काँक्रीटमधले लोखंड आतून गंजू लागते. गंजलेले लोखंड फुगते आणि त्याच्यावरचे काँक्रीट फोडून बाहेर काढते. छताचे पोपडे पडण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. पाण्याचेही तेच. आय. एस. ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. खारेपाटातल्या बोअरचे मचूळ पाणी याहून खारट असू शकते, पण बांधकामाच्या पाण्याची तपासणी करून घेणारे घर विरळाच.

पाण्याचा दुसरा अर्धा प्रश्न क्युरिंगचा. याच मानकानुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटचे किमान १० दिवस सतत ओले ठेवावे लागते. राखमिश्रित सिमेंटसाठी १४ दिवसांची शिफारस आहे. बाजारात आज घरबांधणीला मिळणारे सिमेंट बहुतेक याच दुसऱ्या प्रकारचे असते. स्लॅब पडतो एप्रिल-मेमध्ये, ऊन कडक असते, आणि खारेपाटातल्या गावांत तर त्या दिवसांत पिण्याच्या पाण्यासाठीही टँकरची वाट पाहावी लागते. हेटवणे धरण पेण तालुक्यातच असूनही ही टंचाई वर्षानुवर्षे चालत आली आहे. पाणी कोणी आणायचे, त्याचे पैसे कोणी द्यायचे, रोज मारायचे कोणी, हे ठरलेले नसते. ठेकेदार गृहीत धरतो की घरचे लोक मारतील. घरचे लोक गृहीत धरतात की तो ठेक्यातच आले. स्लॅब मधल्या मध्ये वाळतो आणि त्याला बारीक तडे जातात. पावसाचे पाणी पुढे त्याच तड्यांतून उतरते.

गळती ही या भागातली सर्वांत मोठी तक्रार आणि ठेकेदाराला जबाबदार धरायला सर्वांत अवघड. काम मेमध्ये पुरे होते, पैसे चुकते होतात आणि दोष दिसतो जुलैमध्ये. तोवर ठेकेदार दुसऱ्या कामावर किंवा गावाला गेलेला असतो आणि आला तरी भर पावसात दुरुस्ती होत नाही. यावर उपाय आहे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीचे पन्हळीचे तोंड बंद करून, कडेला माती-सिमेंटची वरंबी घालून किमान २४ तास पाणी साठवून ठेवायचे आणि खालून छत तपासायचे. ओल उतरली तर ती मेमध्येच कळते. पाणीटंचाईमुळे ही चाचणी टाळली जाते, तरी तिच्यासाठी लागणारे टँकर पुढच्या दुरुस्तीपेक्षा नेहमीच स्वस्त पडतात. जुन्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचे थरावर थर चढवण्याची सवयही घातक आहे. विटांच्या तुकड्यांचा कोबा जड असतो आणि जुन्या कोब्यावर नवा घातला की तो भार खालच्या गंजत्या लोखंडाला पेलावा लागतो. गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याचा कोकणातला रिवाज शोभेचा नसला तरी शहाणपणाचा आहे.

वाढीव खोलीचे प्रकरण वेगळे. खाडीकाठची माती मऊ, पाणी धरणारी चिकणमाती असते. जुने घर वर्षानुवर्षे बसून स्थिरावलेले असते. त्याला लागून बांधलेली नवी खोली पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत बसते. दोन्हींच्या सांध्यावर उभी चीर पडते. ठेकेदार ती गिलाव्याने भरतो, पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडते आणि मालक म्हणतो की गिलावा खराब केला. दोष गिलाव्याचा नसतो. नव्या पायाची खोली जमिनीच्या जातीप्रमाणे ठरवली नाही आणि जुन्या-नव्या बांधकामात मुद्दाम सांधा सोडला नाही, हा मूळ दोष असतो, आणि तो अभियंत्याच्या आराखड्याशिवाय काम सुरू केल्याने घडतो. स्थापत्य अभियंत्याची फी वाचवणे हा घरदुरुस्तीतला सर्वांत महागडा बचतीचा प्रकार आहे.

माणसांची, मालाची आणि दिवसांची टंचाई एकाच वेळी कशी एकवटते ते २०२० साली दिसले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, म्हसळा यांच्याबरोबर रोहा आणि पेणमध्येही छपरे उडाली, कौले फुटली, झाडे घरांवर पडली. पावसाळा तोंडावर होता. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे परप्रांतीय मजुरांपैकी कितीतरी जण मेमध्येच गावी परतले होते, वीज अनेक ठिकाणी कितीतरी दिवस नव्हती, पत्र्यांचा आणि कौलांचा तुटवडा पडून भाव चढले होते. अशा वेळी जो येईल त्याला काम आणि मागेल तेवढी आगाऊ रक्कम देण्यावाचून लोकांपुढे मार्ग नव्हता. घाईच्या अशा कामांत नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी बारीक असतात: पत्र्याचा स्क्रू घडीच्या उंच भागावर मारायचा की खोलगट भागात, हुकाखाली वॉशर आहे का, एका पत्र्यावर दुसरा किमान सहा इंच चढला आहे का. खोलगट भागात मारलेल्या स्क्रूभोवती पाणी साचते आणि तिथूनच ते घरात येते. वादळानंतरच्या छपराची कामे देताना निदान एवढे तीन मुद्दे पाहिले तरी पुष्कळ त्रास वाचतो.

आणखी एक अडचण मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या मालकांची. या दोन तालुक्यांतल्या गावागावांत गणपतीला आणि मेमध्ये उघडणारी घरे आहेत. दुरुस्ती फोनवरून चालते, ठेकेदार मोबाईलवर फोटो पाठवतो आणि त्यावर पैसे जातात. फोटोत गिलाव्याचा रंग दिसतो, जाडी दिसत नाही. झाकलेली पाइपलाइन आणि भिंतीतली वायर तर मुळीच दिसत नाही. झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्यापूर्वी कोणीतरी प्रत्यक्ष पाहावे लागते, मग तो चुलतभाऊ असो की दिवसाचे पैसे घेऊन येणारा अभियंता.

परवानगीचा भाग थोडक्यात. रंग, गिलावा, त्याच पातळीवर लादी बदलणे, त्याच मापाचे छप्पर पुन्हा घालणे अशा किरकोळ दुरुस्तीला सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. खोली वाढवणे, मजला चढवणे, खांब-तुळयांना हात लावणे यांना लागते. पेण नगरपरिषद आणि रोहा अष्टमी नगरपरिषद यांच्या हद्दीत ती नगरपरिषदेकडून घ्यायची असते. ‘परवानगीचे मी बघतो’ असे ठेकेदाराने सांगितले तरी नोटीस येते मालकाच्या नावावर. खांबाचा भार काढून हॉल मोठा करण्याचे काम मिस्त्रीच्या भरवशावर करू नये. २४ ऑगस्ट २०२० रोजी याच जिल्ह्यात महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. ती इमारत जुनाट नव्हती. बांधकामातला सांगाड्याचा दोष किती लवकर उघडा पडू शकतो, हे त्या घटनेने दाखवले.

आगाऊ रकमेचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी जातो. चार कामे हाती असलेला ठेकेदार एका घराची उचल दुसऱ्या घराच्या सिमेंटवर आणि तिसऱ्याच्या मजुरीवर खर्च करतो. त्याच्याकडे स्वतःचे भांडवल नसते, बँक त्याला कर्ज देत नाही, म्हणून हे चक्र चालू राहते. एखादे काम अडकले की सगळी अडकतात. यात दर वेळी लबाडी असते असे नाही. पण मालकाने कामाच्या पुढे पैसे दिले की ठेकेदाराला परत आणण्याचे त्याचे एकमेव साधन संपते. याबाबत सरकारी घरकुल योजनेची रीत अनुकरण करण्याजोगी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात अनुदान एकदम मिळत नाही. बांधकाम ठरलेल्या टप्प्यावर आल्याचे छायाचित्र नोंदवले गेले की पुढचा हप्ता येतो. बँकांची घरबांधणी कर्जेही तशीच सुटतात. खासगी दुरुस्तीतही सुरुवातीला फक्त पहिल्या आठवड्याच्या मालापुरती रक्कम, मग झालेल्या आणि मोजलेल्या कामावर हप्ते, असे ठरवता येते. ठेकेदारासाठीही ते न्याय्य असते, कारण मोजलेल्या कामाचे पैसे अडवायला मालकाला सबब उरत नाही. मालकांनी शेवटचा हप्ता बुडवणे ही तक्रार ठेकेदारांकडून तितक्याच वेळा ऐकू येते आणि ती खरी असते.

सार्वजनिक कामांत अनामत रक्कम, दोषदायित्व कालावधी आणि दंडाची कलमे असतात. तरीही पेणवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडला. कलमांनी काम वेगाने होतेच असे नाही, पण उशिराचा भार कोणावर हे तरी ठरते. घरगुती कामाला त्यातले एक कलम पुरेसे आहे: एकूण रकमेचा पाच ते दहा टक्के भाग पहिला पावसाळा निघेपर्यंत राखून ठेवायचा आणि नवरात्राच्या सुमारास, गळती नसल्याचे पाहून, चुकता करायचा. मेमध्ये संपणाऱ्या कामाची खरी परीक्षा जुलैत होत असेल, तर हिशेबही जुलैनंतरच पुरा व्हायला हवा.

करार मुद्रांकावरच असावा असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही वैध असतो, फक्त तो सिद्ध करणे कठीण जाते. कामाची यादी, मालाची कंपनी आणि दर्जा, मोजण्याची पद्धत, दर, टप्पे, संपण्याची तारीख, जादा कामाचा दर आणि कामावर माणूस जखमी झाल्यास खर्च कोणाचा, एवढे दोन पानांत मावते. जादा कामांवर विशेष लक्ष हवे. भिंत फोडल्यावर आतली पाइप कुजलेली निघते, मग लादी बदलायची ठरते, मग दरवाजा खाली घासू लागतो. यातले प्रत्येक काम सुरू होण्यापूर्वी त्याचा दर व्हॉट्सॲपवर का होईना लेखी आला, तर शेवटच्या बिलात धक्का बसत नाही. पैसे बँकेतून किंवा यूपीआयवरून द्यावेत; रोख द्यावेच लागले तर तारखेसह सही घ्यावी.

काम अर्धवट सुटलेच, तर पहिली चूक दुसरा ठेकेदार लगेच लावण्याची होते. नवे काम सुरू झाले की जुने किती झाले होते याचा पुरावा जातो. आधी अभियंत्याकडून झालेल्या कामाची मोजणी आणि दोषांचा सचित्र अहवाल घ्यावा, ठेकेदाराला मुदत देणारी लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि मगच पुढे जावे. पोलीस ठाण्यात गेल्यास बहुधा हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले जाते. कायद्याने ते पुष्कळदा बरोबरही असते. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू असावा लागतो. महारेरा या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे जाणेही व्यर्थ, कारण त्याचा कायदा विक्रीसाठीच्या प्रकल्पांचा आहे, स्वतःच्या घराच्या दुरुस्तीचा नाही.

उपयोगी पडतो तो ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. त्यातल्या सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग अलिबागला आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असलेली तक्रार तिथे चालते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते, त्यामुळे गावच्या घरासाठी ठाण्यात राहणाऱ्या मालकाला अलिबागच गाठावे लागेल असे नाही. घर व्यापारी वापरासाठी, उदाहरणार्थ मोठ्या होमस्टेसाठी, दुरुस्त करून घेतले असेल तर मात्र मालक ग्राहक ठरतो का हाच पहिला वाद उभा राहतो. आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पेण आणि रोहा येथील न्यायालयांत भरणाऱ्या लोकअदालतीत दावा दाखल होण्यापूर्वीही समझोता होऊ शकतो. तिथला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते. लहान रकमेच्या वादाला हा मार्ग सर्वांत लवकर संपणारा आहे. ग्राहक आयोगाचा आदेश ठेकेदाराने पाळला नाही, तर दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे त्याची वसुली होते, आणि आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे.